कोळशाच्या बंदरावर गाड्या येणार

९ जानेवारी

प्रिय ताई,

फोनच करणार होते. पण फोनवर मी तुला एकही वाक्य पुरं करू देत नाही ही तुझी तक्रार खरी आहे, आणि या वेळी मला तुझी पुरी वाक्यं हवी आहेत. म्हणून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणाऱ्या जहाजावरच्या आचाऱ्याकडे हे पत्र देतेय. त्याचं जहाज आमचं बंदर करून तुमच्याकडे येतंच. कागदाला कांद्याचा वास आला तर मला बोल लावू नकोस.

बातमी ऐक. आमच्या बंदरावर गाड्यांची जहाजं यायची बंद होणार. सगळा धक्का कंटेनरना देताहेत. सप्टेंबरपासून परदेशातून येणाऱ्या नव्याकोऱ्या गाड्या तुमच्याकडे, नदीच्या पलीकडच्या काठाला उतरणार. तुझ्या कोळशाच्या बंदरावर गाड्या! मी आमच्या साहेबांना म्हटलं, "अहो, काळ्या पडतील माझ्या पोरी."

ते म्हणाले, "नवा धक्का वाऱ्याच्या वरच्या अंगाला आहे. आणि पोरींची एवढी काळजी असेल तर जा की तूही त्यांच्या मागोमाग."

ताई, ते थट्टा करत नव्हते. नव्या धक्क्यावर सगळे चालक नवे घेणार आहेत. त्यांना शिकवायला कोणीतरी मुरलेलं हवं. साहेबांनी माझं नाव सुचवलंय, आणि तिकडच्या लोकांना ते पसंत आहे. अट एकच. शिकवणाऱ्याकडे रस्त्यावर गाडी चालवायचा परवाना हवा.

हस. पोटभर हस. तू कुठल्याही गाडीचं नाव घे, मी ती चालवलेली आहे. जहाजाच्या पोटातून उतारावर, उतारावरून धक्क्यावर, धक्क्यावरून आवारात, तेही मुंगीच्या चालीने. गाडी लावायची, किल्ली आत ठेवायची, व्हॅनमध्ये बसायचं आणि पुढची आणायला परत जहाजावर. फाटकाबाहेर एक चाकही नाही. आत बंदराचा बिल्ला पुरतो. घरी मी बसने जाते, तीही उभ्याने.

तर परवान्याची परीक्षा द्यायची आहे. ते होईल. खरं विचारायचंय ते वेगळंच. मी आणि आईने, म्हणजे तुझ्या मावशीने, तिकडे यावं का? तुझ्या गावात? तुझं जे मत पडेल त्यावरच मी ठरवणार आहे. आई म्हणते, "तिला विचार. ती मोजूनमापून सांगेल."

तुझी
भिंगरी


२४ जानेवारी

प्रिय भिंगरी,

पत्र मिळालं. वास कांद्याचा नव्हता, लसणाचा होता.

तू माझं मत विचारलंस आणि त्यावरच ठरवणार म्हणालीस, त्यामुळे मी जरा दडपणाखाली आले आहे. या पत्राचे दोन मसुदे फाडले. पहिला फार उत्साहाचा झाला होता आणि दुसरा फार कोरडा. माझ्या आवडीनिवडीचा भार तुझ्या निर्णयावर पडू नये, म्हणून इथे जे जसं आहे ते तसं लिहिते.

हे बंदर नदीच्या मुखाशी आहे. इथे येतो तो कोळसा आणि जातं ते लोखंडाचं खनिज. अधूनमधून खत, कधी मीठ. धक्क्यावर काय चाललंय ते दोरीवरच्या कपड्यांवरून कळतं. काळपट झाले तर कोळसा, तांबूस झाले तर खनिज. पांढरं कापड इथे कोणी विकत घेत नाही. थंडीत धुकं इतकं दाट असतं की जहाजांचे भोंगे सकाळभर चालू राहतात. मावशीची झोप सावध आहे, हे लक्षात घे.

माझ्या घराच्या वरच्या दोन खोल्या सध्या रिकाम्या आहेत. पण जिना अरुंद आहे आणि कठडा एकाच बाजूला. मावशीचे गुडघे लक्षात घेता ही बाब मला गंभीर वाटते. पुढच्या खिडकीतून नदी दिसते, मागच्या खिडकीतून कोळशाचा डोंगर. प्रामाणिकपणे सांगायचं तर मागची खिडकी मोठी आहे. तुमचं कपाट जिन्यातून वर जाईल, मात्र त्याचे पाय काढावे लागतील आणि वळणावर ते आडवं धरावं लागेल.

माझ्या कामाचंही सांगायला हवं. जहाजात माल किती चढला हे तराजूवर कळत नाही. जहाज पाण्यात किती बुडालं त्यावरून काढावं लागतं. त्याच्या अंगावर आकडे रंगवलेले असतात, मी होडीतून चहूबाजूंनी फिरून पाणी कुठल्या आकड्याला लागलंय ते वाचते. लाट वरखाली होत असते, तेव्हा घाई चालत नाही. जहाज कधी भरेल ते जहाजालाच ठाऊक. त्यामुळे तुम्ही आलात तरी मी तुमच्या वाट्याला किती येईन याची हमी देता येत नाही.

तेव्हा सगळ्या बाजूंनी विचार कर. केवळ मी इथे आहे म्हणून येऊ नकोस.

तुझी
ताई


१० फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं. जिन्यापाशी आल्यावर ती म्हणाली, "पुरे."

कळलं मला. तू स्पष्ट लिहिलंस ते बरं केलंस.

परवान्याचा अर्ज दिलाय, तो मागे घेत नाही. परवाना कुठेही कामी येतो. इथे कंटेनरच्या फाटकावर एक जागा निघतेय. काचेच्या खोलीत बसायचं, ट्रकवाला कागद आत सरकवतो, आपण शिक्का मारून बाहेर सरकवायचे. पंखा आहे. खुर्ची फिरती आहे. वाईट नाही.

तब्येतीला जप.

भिंगरी


२२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र आखूड होतं. कामाच्या घाईत असशील अशी मी स्वतःची समजूत घालतेय.

पण काचेच्या खोलीत तू? लहानपणी मावशी तुला जेवायला बसवायची तर ताट एकीकडे आणि तू दुसरीकडे असायचीस. फिरत्या खुर्चीवर तू दिवसभर गरगर फिरशील आणि ट्रकवाल्यांना चक्कर येईल. त्या जागेचा विचार करून मला चैन पडेना. म्हणून तुझ्यासाठी मी इतर बंदरांची चौकशी केली. देशातल्या बहुतेक मोठ्या बंदरांवर माझं कामानिमित्त जाणं झालं आहे, तेव्हा ऐकीव काही लिहीत नाही.

तेलाचं बंदर तुझ्या उपयोगाचं नाही. तिथे धक्का असा नाहीच. समुद्रात लांबवर एक पूल जातो, त्याच्या टोकाला तेलाची जहाजं नळ्या लावून उभी असतात. काडेपेटी तर सोडच, बुटाला लोखंडी नाल असेल तरी फाटकावर अडवतात. माणसं हळू आवाजात बोलतात, जणू मोठ्याने हसलं तरी ठिणगी पडेल. तुझ्या हसण्याने पहिल्याच दिवशी धावपळ उडेल.

धान्याचं बंदर उत्तरेला. माणसं चांगली, पण सगळी शिंकत असतात. कबुतरं सांडलेला गहू खाऊन एवढी जड झाली आहेत की उडायचा कंटाळा करतात. ट्रक आला तरी चालतच बाजूला होतात. तुला आवडेल, पण मावशीला दम लागतो.

केळ्यांच्या बंदरावर भर उन्हाळ्यात सगळे स्वेटर घालून काम करतात. केळी हिरवीच उतरवायची असतात, गोदामात गारवा ठेवावा लागतो. तिथल्या लोकांना पिकलेलं केळं दिसलं तर ते तक्रार नोंदवतात.

सगळ्या दृष्टींनी पाहता तुझ्यासाठी लाकडाचं बंदर बरं वाटतं. ओंडके उचलणारी यंत्रं चालवायला त्यांना माणसं हवी आहेत. नुकत्या कापलेल्या लाकडाचा वास सगळ्या गावभर असतो, अगदी पोस्टातसुद्धा. हवा कोरडी आहे. आमच्या गावाहून लांब आहे खरं, पण थेट बस आहे. तिथल्या मुकादमाला तुझं नाव कळवू का?

तुझी
ताई


१५ मार्च

प्रिय ताई,

लाकडाच्या मुकादमाला काही कळवू नकोस. परीक्षेत नापास झाले. कशी, ते सांगते. नंतर तू रडायचं की हसायचं ते ठरव. आईने दोन्ही केलं.

परीक्षक साहेब चांगले भारदस्त. शेजारच्या सीटवर बसले तर गाडी त्या बाजूला किंचित कलली, तुझ्या जहाजांची आठवण झाली. मी नेहमीच्या कपड्यांत होते, नव्या गाडीला ओरखडा जाऊ नये म्हणून आमच्या कपड्यांना बाहेरून बटणं नसतात ना, ते. त्यांनी विचारलं, "हा काय गणवेश?" मी म्हटलं, "गाडी चालवते ना मी, साहेब." ते म्हणाले, "मग परीक्षा कशाला देताय?" तिथून जी गंमत सुरू झाली!

रस्ता म्हणजे विचित्रच प्रकार आहे गं. समोरून गाड्या येतात! आमच्याकडे सगळ्या एकाच दिशेने, एकामागे एक. आणि इथे कुठे वळायचं ते दिवा लावून आधी सगळ्यांना सांगायचं. आम्हाला कोण विचारतंय? पण सांभाळून घेतलं. साहेब म्हणाले, "हात चांगला आहे." मी फुगले. तिथेच घात झाला.

शेवटी ते म्हणाले, "त्या दोन गाड्यांच्या मध्ये लावा." ताई, हे तर माझं रोजचं. आरसा मिटला, एका झोकात आत घातली. त्यांच्या बाजूच्या गाडीपासून तळहाताएवढी फट. जहाजात तेवढीच ठेवायची असते, जास्त ठेवली तर जागा वाया जाते. किल्ली आत ठेवली, माझ्या बाजूने उतरले, दार लावलं, आणि चालत जाऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले.

व्हॅनची वाट बघत.

मागून काचेवर टकटक. साहेब आतून काहीतरी बोलत होते. मी परत गेले, दार उघडलं.

"बाई, मी आहे इथे!"

"हो साहेब. मग उतरा ना."

"कुठून?"

बघते तो खरंच की. त्यांचं दार उघडायला बोटभरही जागा नाही. मी म्हटलं, "थांबा, गाडी बाहेर काढते." तर म्हणाले, "तुम्ही आता कशालाही हात लावू नका." आणि मग ते गिअरवरून, स्टिअरिंगखालून, पाठीवर, पोटावर, कागद दातात धरून माझ्या बाजूने बाहेर आले. समोरच्या दुकानातली माणसं दुकान सोडून बघत होती. एकाने टाळ्या वाजवल्या. साहेबांनी कपडे झटकले, श्वास घेतला आणि म्हणाले, "गाडी लावण्याचे शंभरपैकी शंभर. पण आत माणूस विसरून गेलात, त्याचे किती कापू तुम्हीच सांगा."

ताई, माझ्या शेजारच्या सीटवर आजवर कोणी बसलंच नव्हतं. त्या सीटवर प्लास्टिक असतं. तिथे माणूस असतो हे मला सुचलंच नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा बसता येतं म्हणतात. पण बसू कशाला? परवाना मिळाला तर तिकडची जागा घ्यायला हवी, आणि तू तर मला सगळा देश फिरवून आणलास, फक्त तुझं बंदर सोडून. फाटकावरच्या जागेला महिनाअखेर हो-नाही सांगायचं आहे. हो सांगून टाकते. तूही सुटलीस.

भिंगरी


१६ मार्च

चि. मोठीस,

आचाऱ्याला हे वेगळं दिलंय, भिंगरीला ठाऊक नाही. त्याने वाचलं असेल तर वाचू दे.

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. तुझी पत्रं वाचून ही पोरगी दोन दिवस गप्प बसते. ही! शेजारीण विचारायला आली की घशाला काही झालंय का. ही म्हणते, ताईला आपण नको आहोत, बिचारी सभ्य आहे म्हणून कोळशाचं नाव पुढे करते. मी म्हटलं, ती तशी नाही. ती म्हणते, मग लाकडाच्या बंदरावर का पाठवते मला?  याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव.

माझ्या गुडघ्यांना मधे आणू नकोस. माझे गुडघे मी सांभाळते. आयुष्यभर जिने चढले, कठडे कोणी विचारले नाहीत.

तुला आम्ही हव्या आहोत की नाही? एका ओळीत लिही. दुसरी ओळ लिहिलीस तर वाचणार नाही.

मावशी


२६ मार्च

प्रिय भिंगरी,

ये.

मावशीची अट पाळली. तिला एवढंच वाचून दाखव आणि पुढचं तू एकटीने वाच.

हाच शब्द पहिल्या पत्रात लिहायला हवा होता. खरं तर फाडलेल्या पहिल्या मसुद्यात तो होता, तीनदा होता, आणि म्हणूनच मी तो फाडला. मला वाटलं, ही माझी इच्छा झाली, तिचं भलं कुठे आलं यात? गेले दोन दिवस मी स्वतःलाच विचारतेय, असं का केलंस बाई. उत्तर मला आवडलं नाही, पण देते. माझ्या धंद्यात माल विकणारा एकीकडे असतो, घेणारा दुसरीकडे, आणि मी दोघांचीही नसते. म्हणून तर माझ्या आकड्यावर दोघे विश्वास ठेवतात. दोघांपैकी कोणाकडे झुकले तर मी निकामी. ही सवय इतकी अंगात मुरली आहे की तुझ्या प्रश्नालाही मी तिऱ्हाइतासारखी सामोरी गेले. आणि तू तिऱ्हाइताला विचारलंच नव्हतंस.

आता जे आहे ते जसंच्या तसं. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी घरमालकीणबाईंना वरच्या खोल्या कोणाला देऊ नका म्हणून सांगून आले. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन वर गेले. तुमचं कपाट जिन्याच्या वळणावर आडवं धरावं लागेल हे मला उगीच कसं कळलं असेल? पुढच्या आठवड्यात सुतार बोलावून कठडा दुसऱ्या बाजूलाही बसवून घेतला. घरमालकीणबाई खाली उभ्या.

"कोण येणार आहे?" त्यांनी विचारलं.

"अजून काही ठरलं नाही."

"मग सुतार कशाला आणलात?"

मी वाकून सुताराला खिळे दिले. सुतार हसला.

लाकडाच्या बंदराचं एवढं गुणगान केलं तेव्हा थेट बसच्या वेळा मी दोनदा तपासल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी निघून मला तुझ्याकडे येता येईल का, हे बघायला. हे पत्रात लिहिलं नाही. का नाही, विचारू नकोस.

परीक्षेचं वाचून मी हसले. कोळशाच्या जहाजावर, डेकवर, सगळ्यांसमोर. जहाजाचा अधिकारी घाबरला, त्याला वाटलं माल कमी भरला. त्याला सगळं सांगावं लागलं. आता जहाजावरचे सगळे तुझ्या निकालाची चौकशी करताहेत, तेव्हा कृपा करून पुन्हा बस. शेजारच्या सीटवर माणूस असतो याचा सराव हवा, एवढंच. मावशीला बसव.

तू आली नाहीस तर मला वाईट वाटेल. फार वाटेल. हे लिहून मी तुझ्यावर भार टाकतेय का, हा प्रश्न मला आत्ताही पडला आहे. पडू दे.

तुझी
ताई


३० एप्रिल

ताई, ताई, ताई,

पास!

फाटकाच्या काचेतल्या जागेला नाही सांगितलं, तुझं पत्र आलं त्याच दुपारी. फिरती खुर्ची आमच्या साहेबांनी स्वतःसाठी नेली.

सराव आईबरोबर केला. शेजाऱ्यांची जुनी गाडी मागून आणली आणि आईला बसवलं शेजारी. ताई, मी आजवर जो माल हलवला तो सगळा मुका होता. आई म्हणजे बोलता माल! निघण्याआधीच पायाने ब्रेक दाबायला लागली, तिच्या बाजूला ब्रेक नाही हे तिला अजून पटलेलं नाही. चौकात म्हणाली, "त्यांना जाऊ दे, त्यांना घाई दिसतेय." मग दुसऱ्याला जाऊ दे. मग तिसऱ्याला. आम्ही त्या चौकात इतका वेळ होतो की फुलवाल्याने आईला स्टूल आणून देऊ का विचारलं. पहिल्या दिवशी मी गाडी भिंतीला लावली आणि ती आतून ओरडली, "मला इथेच ठेवणार आहेस का?" दुसऱ्या दिवशी मी आधी तिच्या दाराकडे बघायला शिकले. तिसऱ्या दिवशी तिच्या पदराकडेही.

परीक्षेला तेच साहेब. मला बघून दोन क्षण डोळे मिटले. सगळं नीट झालं. वळताना दिवा, चौकात थांबणं, सगळं. मग गाडी लावायची वेळ आली. त्यांनी हळूच विचारलं, "मी आधीच उतरू का?"

मी म्हटलं, "नको साहेब. या वेळी तुम्हाला धरून मोजलंय."

ते ऐटीत दार उघडून उतरले. पुन्हा बसले, पुन्हा उतरले. मग म्हणाले, "बाई, जा आता. कुठे जायचं ते जा."

म्हणून येतोय. कपाटाचे पाय आईने आत्ताच काढून ठेवलेत, त्यामुळे ते सध्या लंगड्यासारखं भिंतीला टेकून उभं आहे. आचारी म्हणतो सामान त्याच्या जहाजावरून नेऊ. आई म्हणते, कढया त्याच्या नजरेस पडू देऊ नका.

तुझ्या कोळशावरून आमच्याकडे आता रोज चर्चा असते. आईने गडद रंगाच्या चादरी घेतल्यात. म्हणते, "तिने एवढं मोजून लिहिलंय, ते वाया कशाला घालवायचं?"

तुझी, तुझी, तुझी
भिंगरी


१२ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

तू वरच्या मजल्यावर राहतेस आणि हे पत्र मी स्वतः जिना चढून तुझ्या दाराखालून आत सरकवणार आहे. आचाऱ्याला हे कळलं तर तो दुखावेल. पण संध्याकाळी तू आणि मावशी दोघी एकदम बोलणार, आणि आज सकाळचं मला नीट, सलग सांगायचं आहे.

आज पलीकडच्या काठाला गाड्यांचं पहिलं जहाज लागणार हे मला माहीत होतं. मी मुद्दाम विचार करायचा नाही असं ठरवलं होतं, कारण अलीकडे कोळशाचं जहाज रिकामं होऊन निघायच्या बेतात होतं आणि मला त्याचे आकडे वाचायचे होते. होडी जहाजाच्या मागच्या अंगाला होती. वर कठड्याला रेलून जहाजाचा अधिकारी माझ्या आकड्याची वाट बघत होता. पाणी शांत होतं. असं पाणी महिन्यातून एखाद्या वेळी मिळतं.

एवढ्यात नावाडी म्हणाला, "बाई, ते बघा. निघाली पहिली."

मी बघितलं. पलीकडच्या जहाजाच्या उतारावरून एक पांढऱ्या प्लास्टिकमधली गाडी खाली येत होती, मुंगीच्या चालीने. तिच्या मागे दुसरी, तिसरी, सगळी रांग, तुझे सगळे विद्यार्थी. एवढ्या लांबून चेहरा कुठला दिसायला? पण पहिली गाडी धक्क्यावर वळताना तिने आधी दिवा लावला. तिथे त्या दिव्याची काही गरज नव्हती. समोर चिटपाखरूही नव्हतं. मला कळलं, तूच.

मग मी जे केलं ते मी कधी करत नाही. होडीत उभी राहिले आणि तुझ्या नावाने ओरडले. हात हलवून, जोरजोरात.

"बाई, बसा!" नावाडी ओरडला. "दोघांना बुडवाल!"

तू ऐकलंस की मी दिसले, ते तू सांगशील. तुझ्या गाडीचा हॉर्न वाजला. त्या आवारात हॉर्न वाजवायचा नाही, एवढा नियम मलाही ठाऊक आहे. पण तू तुझ्या मुलांना काय शिकवलं असशील तेही लगेच कळलं: पुढची गाडी करेल तेच मागच्याने करायचं, प्रश्न विचारायचा नाही. तुझ्या मागच्याने हॉर्न वाजवला. त्याच्या मागच्याने. मग त्याच्या मागच्याने. शिस्तीत, एकामागे एक, सगळी रांग उतारावरून खाली येईपर्यंत, अगदी जहाजाच्या पोटातल्या, अजून उजेडातही न आलेल्या गाड्यांपर्यंत. सगळी नदी वाजत होती.

आमच्या कोळशाच्या जहाजाच्या कप्तानाला वाटलं, ही काहीतरी सलामी आहे आणि उत्तर न देणं असभ्यपणाचं. त्याने मोठा भोंगा दिला. ते ऐकून मधल्या टगबोटीने दिला. मग मिठाच्या जहाजाने. बंदराच्या कचेरीतली माणसं खिडक्यांत आली. नावाड्याने, ज्याच्याकडे भोंगा नाही, त्याने वल्ह्याने होडीवर ठोकायला सुरुवात केली, आणि मला बसा म्हणायचं सोडून दिलं.

सगळं शांत झाल्यावर वरून अधिकारी ओरडला, "बाई, आकडा काय?"

मी खाली बघितलं. आमच्या नाचण्याने होडीभोवती एवढ्या लाटा उठल्या होत्या की पाणी कुठल्याच आकड्यावर थांबत नव्हतं.

"थांबा," मी म्हटलं. "वेळ लागेल."

"किती?"

"सांगता येत नाही. माझी बहीण आली आहे."

त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो कठड्याला निवांत रेलून उभा राहिला.

तर भिंगरी, उद्या तुझे नवे साहेब तुला बोलावतील. पहिल्याच दिवशी सगळ्या रांगेने नियम मोडला, कोणामुळे मोडला, याची चौकशी होईल. मला साक्षीला बोलव. माझा शब्द या बंदरात मानतात. मी कोणाच्या बाजूने आले आहे असं त्यांनी विचारलं, तर मला आता मसुदा करावा लागणार नाही.

तुझी
ताई